आधी तू, मग मी

५ जानेवारी

चि. मुलीस,

आशीर्वाद. नऊ वर्षांनी लिहायला बसलो आहे. सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. माझा स्वभाव तुला माहीत आहेच.

काल अक्का आली होती. तुझी आत्या बोलायला लागली की थांबत नाही, पण जे सांगायला हवं ते मात्र नऊ वर्षं पोटात ठेवते. जाता जाता चपला घालताना म्हणाली, "काही म्हण, पोटच्या पोरीच्या तोंडावर कडी घालायला नको होतीस." मी विचारलं, "कोणी घातली कडी?" तर माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी वेड पांघरतोय.

म्हणजे तू सगळ्यांना हे सांगत आलीस? मी कडी घातली म्हणून?

तर ऐक. त्या दिवशी आपण बाजारातून येत होतो. भांडत होतो, हे कबूल. तुला त्या लांबच्या शहरात नोकरीला जायचं होतं, आई जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि घर खायला उठत होतं. "जायचं तर जा," असं मी कोपऱ्यावर म्हणालो, हेही कबूल. रागाच्या भरात मी पुढे निघालो आणि घरात शिरलो. पण कडी? दिवसाढवळ्या मी कधी कडी लावत नाही. आत येऊन खुर्चीवर बसलो, बूटही काढले नाहीत. म्हटलं, येईल मागून आणि पिशवी आपटेल. पाव तास झाला तरी तू येईनास, म्हणून बाहेर आलो. तुझ्या हातातली भाजीची पिशवी पायरीवर ठेवलेली होती. बटाटे, टोमॅटो, सगळं नीट. तू नव्हतीस.

मी काय समजायचं? उंबरा ओलांडायचीसुद्धा तुझी इच्छा नव्हती, पिशवी ठेवून निघून गेलीस. हेच नऊ वर्षं समजत आलो.

खोटं बोलण्याचं माझं वय राहिलं नाही. मी कडी घातली नाही.

बाबा

—

१९ जानेवारी

बाबा,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

तुम्ही कडी घातलीत. मी तुमच्यापासून चार पावलांवर होते. पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात दार लागलं आणि मग खट् असा आवाज आला. त्या कडीचा आवाज मी जन्मापासून ऐकत आले होते, तो चुकेल होय? आजही एखादी पेटी बंद करताना कुणाच्या हातून तसा आवाज झाला तर मी जागीच थांबते.

मी पाच मिनिटं उभी होते. वाजवायचं मनात आलं होतं. पण म्हटलं, घर माझंही आहे, आपल्याच घराचं दार काय म्हणून वाजवू? आणि आतमध्ये तुम्ही बसलेले आहात, हे मला खिडकीतून दिसत होतं. पाठमोरे, बूट घालून. एकदाही वळून बघितलं नाहीत. मग पिशवी ठेवली, कारण भाजी घेऊन मैत्रिणीकडे कशी जाणार? तिसऱ्या दिवशी आत्या माझे कपडे न्यायला आली तेव्हा तुम्ही बॅग भरून तयार ठेवली होती. एक शब्द लिहून टाकला असतात तर?

आता म्हणता, घातलीच नाही. घातली आणि चुकलं असं म्हणाला असतात, तर मला सोपं गेलं असतं.

मी बरी आहे. गाडी चालवायला शिकवते. कोणी विचारलं तर सांगा, मुलगी लोकांना वळायला शिकवते.

—

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

हे लाडाचं नाव लिहू का नको, असा विचार करत होतो. लिहिलं.

तुझं पत्र वाचून मी चिडलो. खरं तेच सांगतो. मग समोरच्या शिंप्याकडे गेलो. पाच वर्षांपूर्वी आला, तू त्याला ओळखत नाहीस. त्याच्या यंत्रासमोरच आपलं दार येतं. दिवसभर मान खाली आणि डोळे रस्त्यावर, असा माणूस. त्याला म्हटलं, "माझं एक काम कर. मी घरात शिरलो की कडीचा आवाज येतो का, तेवढं ऐक. आठ दिवस." त्याला वाटलं, पैज आहे. मीही तसंच वाटू दिलं.

काल त्याने मला बोलावलं. कापडावर खुणा करायच्या खडूने त्याने लाकडी फळीवर रेघा ओढल्या होत्या. दोन ओळी. वर मी किती वेळा घरात शिरलो ते, खाली कडी किती वेळा वाजली ते. वर एकतीस. खाली एकतीस.

मी म्हटलं, चेष्टा करतोस. तो म्हणाला, "काका, तुम्ही आत्ता इकडे यायच्या आधी पेपर ठेवायला घरात गेलात ना? तेव्हाही लावलीत. आणि बाहेर पडताना काढलीतसुद्धा." मला दोन्हीतलं काही आठवेना.

मग मी एक उद्योग केला. आपलाच पाहुणा असल्यासारखा रस्त्यावर गेलो, परत आलो, आणि आत शिरताना हाताकडे बघत राहिलो. डावा हात मागे गेला, दार ओढलं, कडी सरकली. मी पुढे चाललो होतो, हात मागे आपलं काम करत होता. बत्तीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये हेच केलं आहे गं. तिथे खोलीत पाऊल टाकलं की मागे न बघता दार ओढायचं आणि दांडा खाली दाबायचा. एक श्वासही दार उघडं ठेवायचं नाही, थंडी बाहेर गेली की माल गेला. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

हात माझा, आणि मला पत्ता नाही. तुझ्या तोंडावर कडी घातली ती मीच. रागाने नाही घातली, पण मीच. बाहेर आलो तेव्हा ती काढलीही मीच असणार, आणि तेही कळलं नाही.

त्या दिवशी मी तुझी वाट बघत बसलो होतो. दार उघडं आहे, असं समजून.

बाबा

—

२७ फेब्रुवारी

बाबा,

सवय. छान शब्द आहे. माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण गाडी भिंतीला घासली की हेच म्हणतो, "मॅडम, सवयीने झालं."

मला विश्वास ठेवायचा आहे. पण नऊ वर्षं एका गोष्टीवर मी उभी आहे. बापाने हाकललं म्हणून मी इथे आले, म्हणून रडले नाही, म्हणून टिकले. ती गोष्टच खोटी होती असं तुम्ही शिंप्याच्या खडूने सिद्ध करायला निघालात, तर मी उभी कशावर राहू?

आणि समजा, सवयच होती. मग मी लहानपणापासून त्या घरात राहिले, तुमच्याबरोबर घरी येताना एकदाही बाहेर कशी अडकले नाही? नेमकी त्याच दिवशी?

याचं उत्तर असेल तर लिहा. नाहीतर राहू दे.

(आमच्या ऑफिसातली मुलं माझी एक चेष्टा करतात. मी दारापर्यंत जाते आणि थांबते, कोणी उघडेपर्यंत. "मॅडम, दार उघडंच आहे की!" मला त्याचं आज हसू आलं नाही.)

—

९ मार्च

चि. भिंगरीस,

तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. चार दिवस डोकं खाजवलं.

तोवर म्हटलं, कडी तरी काढून टाकावी. न रहेगा बांस, न बजेगी बांसुरी म्हणतात तसं. स्क्रू काढले, कडी डब्यात टाकली. दोन दिवस हात त्या रिकाम्या जागेवर जायचा आणि भोकांना बोटं घासून यायची. तिसऱ्या दिवशी शिंपी ओरडत आला, "काका, आज पुन्हा वाजली!" बघतो तर काय, हाताने वरची कडी शोधून काढली होती. ती कडी आईनंतर कोणी वापरलीच नव्हती, गंजली होती. इतकी चिकाटी मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवली नाही.

शिंपी म्हणतो, एकवीस दिवस मन घट्ट केलं की कुठलीही सवय सुटते. मी मन घट्ट करून दारात शिरतो, "कडी नाही, कडी नाही" असं पुटपुटत. आत जाऊन बघतो तर लागलेली असते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे खरं असेल तर माझी पंचाईत आहे. कारण मला ही जिवंतपणी घालवायची आहे.

तू लोकांना शिकवतेस. मोडायची कशी, ते सांग. उत्तर नाही दिलंस तरी मी लिहीत राहीन.

बाबा

—

२५ मार्च

ती. बाबांस,

नमस्कार. हे पत्र मी गाडीत बसून लिहिते आहे. शिकणारा आला नाही, तासभर रिकामी आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मलाच सापडलं. काल एका मावशींना गाडीत बसवत होते. त्या घाबरत होत्या, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच पुढे केलं. आणि तसाच हात मला माझ्या पाठीवर लागला.

आईचा. बाहेरून आलो की ती दारात थांबायची, मला पाठीवर हात ठेवून आत ढकलायची आणि म्हणायची, "आधी तू, मग मी, मग हे." प्रत्येक वेळी. शाळेच्या समारंभातून येताना, दवाखान्यातून येताना, हातात सामान असो नसो. मी चिडायचे, "आई, जाऊ दे ना बाबांना पुढे," तर म्हणायची, "राणीसाहेब आधी." मला वाटायचं, हा लाडाचा भाग आहे.

बाबा, तिला माहीत होतं. तिने तुम्हाला कधी पुढे जाऊच दिलं नाही. मी बाहेर अडकले नाही, कारण तुम्ही नेहमी शेवटी असायचात. तुमच्या कडीच्या मागे कोणी उरायचंच नाही. आणि त्या दिवशी ती नव्हती. तुम्ही पहिल्यांदा पुढे गेलात.

मी गाडीतच रडले. मावशींना वाटलं, त्यांचं काही चुकलं.

आता तुमचा प्रश्न. "करू नको" हे हाताला कळत नाही. माझ्याकडे एक निवृत्त हेडमास्तर येतात. चाळीस वर्षं स्कूटर चालवली. घाबरले की स्टिअरिंग मुठीत आवळतात, कारण स्कूटरचा ब्रेक मुठीत असतो. गाडी काही थांबत नाही, मलाच माझ्या बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. महिनाभर मी "आवळू नका" म्हणून ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस म्हटलं, "सर, घाबरलात की मूठ उघडा आणि उजवा पाय दाबा." पंधरा दिवसांत जमायला लागलं. त्यांच्या हाताला रिकामं बसायला सांगितलं की तो जुनंच काम शोधतो. त्याला दुसरं काम द्यावं लागतं, त्याच जागी, त्याच वेळी.

तेव्हा तुम्ही "कडी नाही" म्हणणं सोडा. कडी परत जागेवर बसवा. आत पाऊल टाकलंत की एकच करायचं: वळायचं. डाव्या हाताने दार धरायचं आणि मागे बघायचं, कोणी येतंय का. मग दार नुसतं लोटायचं. रोज मुद्दाम दहा वेळा आत-बाहेर करा. लोक हसतील, हसू देत. चुकलं तर बाहेर जाऊन पुन्हा आत या. शिंप्याला सांगा, एकवीस दिवसांचं माप त्याच्या कापडाला ठीक आहे, प्रत्येक हाताचा हिशेब वेगळा असतो.

भिंगरी

—

१४ मे

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर आधी एक गोष्ट सांगतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं कुठूनतरी आलो होतो. मी पुढे होतो आणि तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी कडी लावून आत. ती पायाने दार वाजवत होती. उघडलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "अहो, मी बाहेरची गरम हवा नाही, मला आत घ्या," म्हणाली. त्यानंतर असं पुन्हा झाल्याचं आठवत नाही. मी समजलो, सवय गेली. सवय कुठली जाते? तुझी आईच पुढे होऊ लागली होती. इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नाही.

आता प्रगती. कडी परत बसवली. सुरुवातीला मी वळायचो, पण कडी लावून मग वळायचो. बंद दाराकडे बघत उभा. शिंप्याच्या दुकानात हशा पिकायचा. एप्रिल संपता संपता दहातल्या पाच वेळा जमलं. आता दहातल्या नऊ. एखाद्या दिवशी डोक्यात काही घोळत असलं की हात पुन्हा जुन्या वाटेने जातो. मग मी बाहेर जातो आणि परत येतो. शिंप्याने रेघा ओढणं सोडलं, म्हणतो, खडू संपला.

पण कोल्ड स्टोरेजमध्ये घोटाळा झाला. मागच्या मंगळवारी तीन नंबरच्या खोलीत शिरलो आणि वळून, दार धरून उभा. कोणाची वाट बघत होतो कोण जाणे. पारा दोन अंश चढला. मालक म्हणाला, "मास्तर, तुम्हीच शिकवता आणि तुम्हीच?" बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बोलणी खाल्ली. यावर काही उपाय?

आणखी एक लिहायचं होतं. लिहू का नको असं झालं होतं. तू वळायला सांगितलंस ते चांगलं केलंस. पण वळलं की पायरी दिसते. आधी कडी लावायचो तेव्हा ती दिसत नव्हती. आता दिवसातून आठ-दहा वेळा दिसते आणि दर वेळी रिकामी असते. जमलं म्हणून आनंद होतो आणि तेवढ्यातच तुझी आठवण येते. फार येते. म्हातारा झालो आहे, एवढं लिहून टाकतो.

बाबा

—

३० मे

ती. बाबांस,

कोल्ड स्टोरेजचा उपाय सोपा आहे. तिथे हातमोजे घालता ना? हाताला तेवढीच खूण द्या. हातमोजा असला की दांडा, उघडा हात असला की वळायचं. दारात शिरण्याआधी एकदा हाताकडे बघा. घरी येताना हातमोजे खिशात नको, तिथेच खिळ्याला टांगून या.

पायरीबद्दलचंही वाचलं.

मी येईन. कधी ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही दोन तास आधीपासून दारात उभे राहाल आणि मग मला काही कळणार नाही. मी वाजवणारही नाही. एवढा हट्ट अजून शिल्लक आहे, सुंभ जळला तरी पीळ राहतोच. दार लागलेलं नसेल तर मी आत येईन.

भिंगरी

—

१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

जून गेला, जुलै गेला. सुट्टी मिळाली नसेल. मी विचारत नाही.

पण आज शिंप्याने एक सांगितलं, ते विचारल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणाला, रविवारी दुपारी तो जेवायला घरी जात होता, तेव्हा आपल्या पायरीवर एक बाई उभी होती. खांद्याला तपकिरी बॅग, केस आखूड. त्याने विचारलं, "कोण हवंय?" ती म्हणाली, "पत्ता चुकला," आणि गेली. तो म्हणतो, चुकली असेल बिचारी. त्याला काय माहीत!

तू केस कापलेस का गं?

रविवारी दुपारी मी घरातच होतो. खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत पाट दुरुस्त करत होतो. दार लोटलेलं होतं, वाऱ्याने आपटतं म्हणून. कडी नव्हती. आईशप्पथ नव्हती. उठून तीनदा बघितलं होतं, सकाळपासून.

तू नसशील तर हे पत्र फाडून टाक.

बाबा

—

२१ ऑगस्ट

ती. बाबांस,

केस चार वर्षांपूर्वी कापले.

मीच होते. पहाटेची गाडी पकडली, रस्ताभर मनात घोकत होते, आत गेल्यावर आधी काय बोलायचं. कोपऱ्यावर आले तेव्हा हसत होते. पायरीवर पाय ठेवला, दार बंद दिसलं, आणि मला तो आवाज ऐकू आला. खट्. आला नव्हता हो, मला माहीत आहे. पण माझ्या कानाने ऐकला. पाय तिथेच थांबले. हात वर उचलला आणि अर्ध्यावर राहिला. किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. तेवढ्यात शिंपी आला आणि माझ्या तोंडून खोटं निघून गेलं.

परतीच्या गाडीत स्वतःला फार शिव्या दिल्या. लोकांना शिकवणारी मी. तुमच्या हाताला मी पत्रातून शहाणं केलं, पण माझ्या हाताकडे कोणी बघायचं? तुम्ही दार लावायला शिकलात बत्तीस वर्षांत. मी एका दिवसात दारापुढे थांबायला शिकले आणि मग नऊ वर्षं तेच गिरवत राहिले. ऑफिसात, बँकेत, मैत्रिणीच्या घरी. दार दिसलं की थांबायचं. ढकलून बघायचं असतं, हे माझ्या हाताला माहीतच नाही राहिलं.

तुम्ही सवय बदललीत आणि मी तिथे उभी राहून ती बघितलीच नाही. बाबा, मला माफ करा.

भिंगरी

—

३० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

माफी कसली मागतेस. मी रविवारी पाट ठोकत होतो. त्या आवाजात तुझी चाहूल बुडाली, याचं मला वाईट वाटतं. पाट आता दुरुस्त झाला आहे, पण त्यावर बसवत नाही.

तू मला शिकवलंस तेच तुला सांगतो. "थांबू नको" असं हाताला सांगू नकोस. त्याला काम दे. दारासमोर आलीस की तळहात दारावर ठेवायचा, बस. ढकलायचं नंतर बघू. रोज दहा वेळा कर, ऑफिसच्या दारावर. पोरं हसतील, हसू देत.

मी दार सताड उघडं ठेवलं असतं. शिंपीही म्हणाला, एक वीट लावून ठेवा. पण मग ते उघडणं तुझं होणार नाही. म्हणून लोटलेलंच ठेवतो.

बाबा

—

१८ सप्टेंबर

ती. बाबांस,

आज ऑफिसचं दार मी स्वतः ढकललं. सकाळपासून अकरा वेळा. हेडमास्तर टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं माझा वाढदिवस आहे.

पुढच्या शनिवारी येते. या वेळी दिवस सांगून. सोमवारी परत निघावं लागेल.

भिंगरी

—

५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र मिळालं. तुझ्या डब्याचं झाकण इथेच राहिलं आहे, ते न्यायला पुन्हा यावं लागेल. मी ते पाठवणार नाही.

शनिवारचं मी कोणाला सांगितलेलं नाही. शिंप्यालासुद्धा नाही, जरी त्याने यंत्र थांबवून सगळं बघितलं. मी आतमध्ये खुर्चीवर बसलो होतो आणि दारावर काहीतरी टेकलं. बराच वेळ नुसतं टेकलेलं. मी उठलो नाही. उठायचं नाही असं दोन्ही गुडघे धरून बसलो होतो, तुला दिसलं असेल. मग दार एकदम उघडलं आणि तू जवळजवळ पडलीसच आत. "एवढं हलकं होतं?" म्हणालीस. तुझं नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य दाराबद्दल असावं, हे बरोबरच झालं.

पण मला लिहायचं आहे ते रविवारचं. तोंडाने सांगता आलं नाही.

बाजारातून येताना तू शिंप्याशी बोलायला थांबलीस. खरं सांग, मुद्दाम मागे राहिलीस ना? मी पुढे आलो. डोक्यात गॅसवर ठेवलेलं दूध होतं, बंद केलं की नाही या विचारात होतो. तू आली आहेस, मागे आहेस, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. रागावू नकोस, पण मी तुला विसरलो होतो. एकटा आल्यासारखा आत शिरलो, हात उघडा होता, आणि रोजच्यासारखा वळलो. ती रिकामी पायरी बघायला. एप्रिलपासून हजार वेळा तरी बघितली असेल.

आणि पायरीवर तू. हातात भाजीची पिशवी घेऊन.

मी दार धरून उभा. तू म्हणालीस, "बाबा, आत येऊ?" मी काय केलं ते तुला विचित्र वाटलं असेल. पण मी मुद्दाम परत पायरीवर उतरलो, तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तुला आत घातलं. मग मी लगेच आत आलो नाही. "काय झालं?" म्हणून तू विचारलंस, मी म्हटलं, "काही नाही." तुझ्या आईसाठी थांबलो होतो, भिंगरी. आधी तू, मग ती, मग मी.

दूध उतू गेलं होतं, ते तू बघितलंसच.

तू गेल्यापासून पायरी पुन्हा रिकामी आहे. सोमवारपासून मोजून सत्तावीस वेळा वळलो. पूर्वी वळलं की तू नाहीस ते दिसायचं. आता तू कुठे उभी होतीस ते दिसतं. काल तर कोल्ड स्टोरेजमध्ये हातमोजा घालूनसुद्धा वळलो. मालक ओरडला. ओरडू दे, निवृत्तीला चारच महिने राहिले आहेत.

झाकण धुऊन फडताळात ठेवलं आहे. दार लोटलेलं असतं.

बाबा